शहाळं प्या, पण स्ट्रॉ नको

मालवणात अक्कलदाढा जूनमध्ये निघतात. तशा त्या बाराही महिने काढल्या जातात, पण माझ्या दवाखान्यातली खरी गर्दी जूनची. मासेमारीबंदी सुरू झालेली असते, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. तारकर्ली-देवबागचं स्कुबा बंद, पर्यटक परतलेले, दशावताराच्या कंपन्यांचा हंगाम आटोपलेला. मार्चमध्ये दाढ सुजली तेव्हा ‘आता सिझन आसा’ म्हणत गोळ्यांवर दिवस काढलेला माणूस पहिल्या पावसात छत्री झटकत दारात उभा राहतो आणि म्हणतो, घ्या काढून एकदाची. मला ही वेळ पसंत आहे. दाढ काढायला मला अर्धा-पाऊण तास पुरतो. ती जागा सांधून यायला त्याला दोन-तीन आठवडे लागतात, आणि ते त्याने होडीवर, पाण्याखाली किंवा रात्रभर रंगमंचावर काढू नयेत.

पेशंट विचारतात ते सगळं त्या पाऊण तासाबद्दल. इंजेक्शन दुखेल का, हाड कापणार का, बेशुद्ध करणार का. चौथ्या दिवसाबद्दल कोणी विचारत नाही. माझ्याकडे रडवेल्या चेहऱ्याने परत येणारे येतात ते मात्र बहुतेक चौथ्या दिवशीच, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी कोणीतरी ‘काहीतरी उपाय’ केलेला असतो. दुखणाऱ्या माणसाला स्वस्थ बसू देणं म्हणजे आपल्याकडे हयगय समजली जाते. शेजारीण लवंगेचं तेल आणते, काका हळद भरायला सांगतात, आई दर दहा मिनिटांनी चूळ भरायला लावते, धाकटा भाऊ मोबाइलची बॅटरी लावून जबड्यात डोकावतो. या सगळ्यांनी आठवडाभर हात आवरले तर बहुतेक जखमा आपापल्या भरून येतात.

आधी थोडं दाढेबद्दल. अक्कलदाढ ही जबड्याच्या प्रत्येक टोकाची तिसरी आणि शेवटची दाढ. साधारण १७ ते २५ या वयात ती वर येऊ पाहते, तोवर जबड्यातली जागा संपलेली असते. माणूस कच्चं, चिवट अन्न चावत होता तेव्हा जबडे मोठे होते. शिजवलेलं मऊ अन्न आलं, जबडे आखूड होत गेले, दात मात्र बत्तीसच राहिले. काहींच्या जबड्यात अक्कलदाढ तयारच होत नाही, ते सुटले. बाकीच्यांची कधी हाडात आडवी होते, कधी पुढच्या दाढेला ढुशी देत राहते, कधी अर्धी वर येऊन थांबते. ही अर्धवट आलेली सगळ्यांत त्रासदायक. तिच्यावर हिरडीचा एक पदर राहतो, त्याखाली अन्न अडकून कुजतं आणि दर दोन-चार महिन्यांनी गाल सुजतो, तोंड उघडत नाही, गिळताना घसा दुखतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘अधिमांसक’ नावाचा विकार सांगितला आहे. जबड्याच्या सर्वांत मागच्या दाताशी मोठी सूज, तीव्र वेदना आणि गळणारी लाळ, ही त्याची लक्षणं. उपाय म्हणून ते वाढलेलं मांस छेदायला सांगितलं आहे. मी ते वर्णन पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या बाकावर बसलेली माणसंच डोळ्यांसमोर आली.

सगळ्याच अक्कलदाढा काढाव्या लागत नाहीत, हे मी स्वतः दंतवैद्य असूनही ठासून सांगते. सरळ उगवलेली, ब्रश पोचतो अशी, न दुखणारी दाढ असू द्यावी. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने २००० सालीच सांगून ठेवलं आहे की रोग नसलेली अडकलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. पण वारंवार सूज येत असेल, तिला किंवा तिच्या पुढच्या चांगल्या दाढेला कीड लागली असेल, भोवती पाण्याची गाठ धरली असेल, तर उशीर करण्यात फायदा नाही. विशीत हाड लवचीक असतं आणि मुळं पूर्ण वाढलेली नसतात. चाळिशीत तीच दाढ काढताना वेळ जास्त जातो, सूज जास्त येते, जखम हळू भरते. मे महिन्यात गावी आलेले चाकरमानी हा माझा वेगळाच प्रश्न. परवा रात्री कुडाळहून गाडी आहे, उद्या दाढ काढा म्हणतात. मी नाही म्हणते. मुंबईला जाऊन निवांत काढा, म्हणजे दुखलं-खुपलं तर त्याच डॉक्टरकडे जाता येईल.

प्रत्यक्ष काढण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्या वेळी काम मला असतं, तुम्हाला नसतं. आधी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकाच फिल्मवरचा एक्स-रे, बघते. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते. खालच्या ओठाची आणि हनुवटीची जाणीव तिच्यामुळे. दाढेची मुळं तिला भिडलेली असतील तर ओठ काही आठवडे किंवा महिने बधिर राहू शकतो, अगदी क्वचित कायमचा. अशी दाढ मी माझ्या खुर्चीत काढत नाही. मुखशल्यचिकित्सकाकडे किंवा बांबोळीला गोवा दंत महाविद्यालयात पाठवते, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. बाकीच्यांना लिग्नोकेनचं इंजेक्शन. स्वीडनच्या नील्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केलेलं हे औषध आजही आमचा मुख्य आधार आहे. त्यात जरासं अ‍ॅड्रिनलिन असतं, रक्तवाहिन्या आकसून रक्त कमी यावं म्हणून. मग दुखत नाही, पण दाब, थरथर आणि आवाज जाणवतो. हिरडी बाजूला करायची, लागलं तर थोडं हाड कापायचं, दाढेचे दोन-तीन तुकडे करून एकेक काढायचा, जागा धुवायची, टाके घालायचे. माझं काम संपलं.

उरतो तो हाडातला खड्डा. काही मिनिटांत तो रक्ताने भरतो आणि ते रक्त गोठून त्याची गुठळी होते. पुढचं सगळं या गुठळीवर अवलंबून. उघड्या हाडावर आणि नसांच्या टोकांवर तिचंच पांघरूण असतं. तिच्यातूनच नव्या रक्तवाहिन्या वाढतात, आठवड्याभरात कोवळं मांस धरू लागतं, तीन-चार आठवड्यांत वरून हिरडी मिटते आणि आत हाड भरायला तीन ते सहा महिने जातात. जिभेला तो खड्डा कितीतरी दिवस लागत राहतो; त्यात काही बिघडलेलं नसतं. पहिले चार-पाच दिवस गुठळी फार कच्ची असते. भाताचा तरवा पेरलेल्या कुणग्यात आपण पाय घालत नाही, गुरंही शिरू देत नाही, तेवढीच राखण तिला हवी.

दवाखान्यातून निघताना तुमच्या दाताखाली गॉजची घडी असते. ती तासभर घट्ट चावून धरायची. दर पाच मिनिटांनी काढून रक्त थांबलं का ते पाहणं म्हणजे दर पाच मिनिटांनी नवी गुठळी उचकटणं. पहिला दिवसभर लाळेत गुलाबी झाक राहते. चमचाभर लाळेत थेंबभर रक्त मिसळलं तरी तोंड भरून रक्त आल्यासारखं दिसतं, त्याला घाबरू नये. घरी पोचल्यावर पुन्हा रक्त वाहू लागलं तर स्वच्छ गॉज ओली करून पिळायची, नेमकी जागेवर ठेवायची आणि अर्धा तास न बोलता चावून बसायचं. आडवं पडायचं नाही, पडलंच तर उशीवर उशी घेऊन. गॉज नसेल तर चहाची भिजवलेली पिशवी चालते. चहातलं टॅनिन रक्त गोठायला मदत करतं.

आणि थुंकायचं नाही. ही आमच्याकडची सर्वांत अवघड सूचना. खिडकीची जागा धरून बसलेला माझा पेशंट एसटीतून आचऱ्यापर्यंत थुंकत गेला, तर गुठळी मालवणच्या हद्दीतच कुठेतरी पडते. लाळ गिळा. गिळवत नसेल तर बेसिनवर वाकून तोंड उघडा, तिची ती पडू दे. चोवीस तास चूळही भरू नका. थुंकताना, ओढताना, फुंकताना तोंडातला दाब एकदम बदलतो आणि गुठळी जागेवरून सुटते. गुठळी सुटायच्या ज्या वाटा मला माहीत आहेत, त्यांतल्या निम्म्या या दाबाच्याच आहेत.

त्यातलीच एक शहाळ्याची. या किनाऱ्यावर कोणी आजारी पडलं की पहिलं शहाळं येतं, मग दाढ काढलेल्याकडे न येऊन कसं चालेल? शहाळ्याला माझी ना नाही. पाणी मिळतं, थोडी साखर मिळते, चावावं लागत नाही. पण विकणारा कोयत्याने तोंड उडवतो आणि स्ट्रॉ खुपसूनच हातात देतो. स्ट्रॉने ओढताना गाल आत जातात ना, तीच ओढ गुठळीलाही बसते. म्हणून शहाळं पेल्यात ओतून घ्या आणि साध्या माणसासारखं प्या. मलई चमच्याने खा. लस्सी, थंड पेयं, मुलांची खोक्यातली पेयं, सगळ्यांना आठवडाभर हाच नियम. माझ्या दवाखान्यात ही सूचना पाटीवर लिहून लावली आहे. या लेखाचं नाव तिच्यावरूनच घेतलं.

गोळ्यांचं थोडक्यात सांगते. बधिरपणा दोन ते चार तासांत ओसरतो. तो पुरता जायची वाट बघत बसू नका. काहीतरी मऊ खाऊन पहिली वेदनाशामक गोळी आधीच घ्या. ओठ बधिर असताना पेज गरम पिऊ नका, भाजलेलं कळत नाही. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र चांगलं काम करतात, पण दमा, पोटातला अल्सर किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना आयबुप्रोफेन चालत नाही, म्हणून दाढ काढायच्या आधीच हे सांगायचं असतं. दुखतं म्हणून अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, तिने रक्त जास्त वेळ वाहतं. उलट हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज चालू असेल तर ती आपल्या मनाने बंदही करू नका. तिच्यासकट दाढ कशी काढायची हे आम्ही तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवतो. हाडं ठिसूळ झाली म्हणून आई-आजीला इंजेक्शनं किंवा आठवड्याची गोळी चालू असेल, तर तेही लपवू नका, त्या औषधांनी जबड्याचं हाड भरायला त्रास होऊ शकतो. अँटिबायोटिक प्रत्येकाला लागत नाही. शेजाऱ्याच्या दाढेची उरलेली पाकिटं आणून ती घ्यायची तर अजिबात नाहीत. आणि गोळी पोटात घ्यायची असते. ती दाढेच्या जागी दाबून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. हिरडी भाजून पांढरीफटक पडलेली असते. लवंगेचं तेल उघड्या जखमेत ओतलं तरी तेच होतं.

बर्फाची मालवणात वाण नाही, अर्धं बंदर त्यावर चालतं. पहिले दीड-दोन दिवस फडक्यात गुंडाळून गालावर बाहेरून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, तेवढाच वेळ काढायचा, पुन्हा ठेवायचा. माशांच्या पेटीतला बर्फसुद्धा गालाला चालेल, तोंडात मात्र ठेवू नका. हे हसण्यावारी नेऊ नका, ठेवणारे भेटतात.

एवढं करूनही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आरशात भलताच चेहरा दिसतो. मग घरून फोन येतात: काल बरा होता, आज गाल बघा त्याचा. सूज ४८ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असते, हे मी आधी सांगितलेलं असतं, पण चेहरा बघितल्यावर ते कोणाला आठवत नाही. जबडा आखडतो, तोंडात दोन बोटं जात नाहीत, गालावर किंवा मानेपर्यंत निळं-पिवळं उतरतं. हे सगळं अपेक्षित आहे. बघायची ती दिशा. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं आणि सूज उतरणीला लागली पाहिजेत, आणि आठवड्या-दीड आठवड्यात तोंड पूर्ववत उघडू लागलं पाहिजे. रेशमी टाके सातव्या दिवसाच्या सुमाराला काढतात. विरघळणारे असतील तर ते दोन-तीन आठवड्यांत आपले आपण जातात, जेवताना दोरा हाताला लागला तर ओढू नका.

चोवीस तासांनंतर मिठाच्या पाण्याने तोंड धुवायला सुरुवात करायची. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना. गुळणी म्हटली की आपल्याकडे खळखळाट हवा असतो, शेजाऱ्याला ऐकू जाईल असा. इथे नुसतं पाणी तोंडात घ्यायचं, मान या बाजूला, त्या बाजूला कलवायची आणि तोंड उघडून पाणी पडू द्यायचं. मीठ कोणतंही चालतं. १९३० साली जिथे मिठाचा सत्याग्रह झाला त्या शिरोड्याचं जाडं मीठ घरात असेल तर तेच नीट विरघळवून घ्या. ‘दर्याचा पाणी चलात काय?’ असं मला एका देवबागकराने विचारलं होतं, मागच्या दारी समुद्र असताना मीठ कशाला घालायचं म्हणून. नाही चालत. किनाऱ्याच्या पाण्यात मिठाखेरीज बरंच काही असतं. बाकीचे दात दुसऱ्या दिवसापासून मऊ ब्रशने घासायलाच हवेत. आठवडाभर तोंड न धुतलेल्या माणसाची जखम चिघळली तर दोष दाढेचा नव्हे.

खाण्याच्या बाबतीत मात्र आम्ही मालवणी माणसं नशीबवान आहोत. पुस्तकात पेशंटला सूप आणि आइस्क्रीम द्यायला सांगतात. आमच्याकडे उकड्या तांदळाची पेज आहे. पहिल्या दिवशी तिची निवळ, कोमट, मीठ घालून. दुसऱ्या दिवसापासून शितं चुरून. मग मऊ भात आणि कुळथाची पिठी, तिच्यात मिरची आणि सोलं नावापुरती. कुळथात प्रथिनं चांगली असतात आणि जखम भरायला तीच लागतात. आंबोळी दुधात किंवा नारळाच्या रसात भिजवून खाता येते. नाचणीचं सत्त्व आहे. आणि शिरवाळे! नारळाच्या गोड रसात बुडवलेले शिरवाळे जवळजवळ चावावे लागतच नाहीत. ते करायला घरात दोन माणसांनी साच्यावर बसावं लागतं, त्यामुळे आजाऱ्याला ते मिळतीलच असं नाही, पण मागून बघायला काय हरकत आहे? सोलकढी दोन-तीन दिवस थांबून, तीही मिरचीविना, कारण आंबट-तिखट ताज्या जखमेला झोंबतं.

माशांवरून घरोघरी वाद होतो. वडीलधाऱ्यांनी वशाट बंद केलेलं असतं, आणि सिंधुदुर्गातल्या माणसाला मासे तोडले की तो लवकर बरा होण्याऐवजी नुसता चिडका होतो. मी तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून परवानगी देते. मुडदुशे मिळाले तर सर्वांत चांगले. बाळंतिणीला आणि दुखण्यातून उठलेल्याला ते देण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. हळद-मीठ लावून, नावापुरतं तिखट घालून, काटे दुसऱ्या कोणीतरी काढून द्यायचे. मोरीला तर बारीक काटेच नसतात. पण पेडवे, बांगडे आणि तळलेलं कडक काही दोन आठवडे नको. एक बारीक काटा त्या खड्ड्यात उभा रुतला की तो काढायला माझ्याकडेच यावं लागतं. तीच गत फरसाणाची, शेंगदाण्यांची, कोंबडी-वड्यांतल्या वड्यांची आणि आपल्या मालवणी खाजाची. खाजं तर महिनाभर लांबच ठेवा.

‘भात खाल्ला की जखमेत पू होतो’ हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. पू जंतूंमुळे होतो, भातामुळे नाही. भाताने पू झाला असता तर कोकणात एकही जखम भरली नसती. असाच दुसरा समज डोळ्यांचा: वरची दाढ काढली की नजर अधू होते. दृष्टीची नस मेंदूकडून थेट डोळ्याला जाते, दातांच्या नसांशी तिचा काही संबंध नसतो. दाढ काढण्याच्या वयातच चष्मा लागला, एवढ्यावर हा समज टिकून आहे.

आता मशेरी. तंबाखू तव्यावर भाजून केलेली ही काळी पूड बोटाने हिरड्यांना चोळायची सवय आपल्याकडच्या पुष्कळ बायकांना आहे आणि ती कबूल करणाऱ्या फार थोड्या. मी मुलाला, सुनेला आधी बाहेर पाठवते, मग विचारते. तरी पहिलं उत्तर ‘नाय’ असतं आणि दुसरं ‘वायच, सकाळच्याक’. तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी मिळतं, आणि वर ते बोट गुठळीवरून फिरतं. बिडी-सिगारेटमध्ये निकोटिनही आहे आणि ओढही. तीन दिवस तर तंबाखूचा कण तोंडात जाऊ नये. दोन आठवडे टाळलात तर उत्तम. एवढे दिवस निघाले की पुढचेही निघतात, असं मी सांगून बघते. काही जणी ऐकतात.

न ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण, आणि ऐकूनही नशिबाने हात दिलेला नसतो असे काही, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी परत येतात. तोवर बरं चाललेलं असतं आणि अचानक ठणका सुरू होतो, गोळीला दाद देत नाही. ‘दाढ काढली, मगे कान कित्याक दुखता?’ हा प्रश्न ऐकला की मी बहुतेक वेळा तोंड उघडायच्या आधीच निदान करते. खालचा जबडा आणि कानाचा परिसर यांच्या संवेदना एकाच मोठ्या नसेच्या फांद्यांवर चालतात, म्हणून दाढेची कळ कानात जाते. आत पाहिलं तर गुठळी गेलेली असते, खड्ड्यात फिकट हाड उघडं, तोंडाला वाईट वास. याला आम्ही ड्राय सॉकेट म्हणतो. साधी दाढ काढल्यावर शंभरात दोन-पाच जणांना हे होतं, खालच्या अडकलेल्या अक्कलदाढेनंतर त्याहून बऱ्याच जास्त जणांना. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्येही प्रमाण थोडं जास्त दिसतं. हा जंतुसंसर्ग नसतो, त्यामुळे अँटिबायोटिक वाढवून काही होत नाही. खड्डा हलक्या हाताने धुवायचा आणि त्यात औषधाची पट्टी ठेवायची. त्या पट्टीत असतं ते युजेनॉल, लवंगेच्या तेलातलंच मुख्य द्रव्य. पण मोजून, पट्टीत भिजवून, योग्य जागी. तासाभरात चेहरा बदलतो. आठवड्या-दहा दिवसांत जागा पुन्हा भरू लागते. चीड येते ती हे घरी सहन करत बसणाऱ्यांची. आपण पथ्य मोडलं, डॉक्टर ओरडतील, म्हणून चार-चार रात्री न झोपलेली माणसं येतात. मी ओरडते, हे खरं आहे. पण पट्टी आधी ठेवते.

कामावर परत कधी जायचं, हे कामावर अवलंबून. खुर्चीतल्या नोकरीला दोन-तीन दिवस पुरतात. जाळं ओढणं, वजन उचलणं, चिरे वाहणं आठवडाभर नको, जोर केला की रक्तदाब वाढतो आणि थांबलेलं रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं. एका होडीच्या तांडेलांनी विचारलं, ‘समुद्राक जावक कधी गावतला?’ त्यांना मी टाके निघेपर्यंत थांबवलं. रक्त सुरू झालं तर किनाऱ्यावर अर्धा तास गॉज चावून बसता येतं, भर समुद्रात लाटेवर ते जमत नाही. दशावतारातल्या कलाकारांना तर मी हंगामात दाढ काढूच देत नाही. रात्रभर उंच आवाजात संवाद आणि गाणी, तेही आयत्या वेळी रचलेले. आखडलेल्या जबड्याने राजपार्ट वठवता येत नाही. गणपतीत भजनी बुवांचं तसंच. आरतीला शंख फुंकणाऱ्याने दोन आठवडे तो दुसऱ्याच्या हाती द्यावा.

स्कुबावाल्या मुलांना सांगताना मला सर्वांत जास्त वाद घालावा लागतो. हवा घेण्याचं रबरी टोक दातांत घट्ट धरायचं, त्यातून श्वास ओढायचा, आणि दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढत जाणार. वरच्या अक्कलदाढेचं आणखी वेगळं असतं. तिची मुळं वरच्या जबड्याच्या हाडातल्या हवेच्या पोकळीला, सायनसला, चिकटून असतात. कधी कधी दाढ निघाल्यावर तोंड आणि सायनस यांच्यात लहानसं भोक राहतं. पाणी प्यायल्यावर ते नाकातून आलं तर हेच झालंय असं समजा आणि दाखवायला या. अशा वेळी दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची आणि पाण्याखाली तर जायचंच नाही. वरची असो की खालची, हिरडी पूर्ण मिटल्याशिवाय मी कोणाला डायव्हिंगला हो म्हणत नाही, आणि त्याला महिना-दीड महिना लागतो. हंगाम ऑक्टोबरात उघडतो. हिशेब ज्याचा त्याने करावा.

शेवटी, फोन कधी करायचा ते. तासभर नीट दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, तिसऱ्या दिवसानंतर सूज कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, ताप किंवा पू आला, दुखणं उलटं वाढू लागलं, तर त्याच दिवशी दाढ काढणाऱ्या डॉक्टरला कळवा. रविवार आहे, पाऊस आहे म्हणून सोमवार उजाडेपर्यंत थांबू नका. आणि एक लक्षण असं आहे की त्यात दंतवैद्याचाही नंबर फिरवत बसू नये. हनुवटीखाली दोन्ही बाजूंना टणक सूज, जीभ वर उचलली गेलेली, लाळ गिळता येत नाही, आवाज जाड झाला किंवा श्वास लागतो, असं दिसलं तर जंतुसंसर्ग जिभेखालच्या जागेत पसरलेला असतो. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये वर्णन केलेला हा प्रकार काही तासांत श्वास कोंडू शकतो. रात्रीचे कितीही वाजले असोत, १०८ ला फोन करा आणि ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठा.